सेंदाबाई आणि लिबासची विहीण

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. आमच्या तालिसायच्या शाळेचं अंगण खरोखरच वाकडं होतं. समुद्राच्या अंगाला ते एवढं उतरतं होतं की वरच्या टोकाला चेंडू ठेवला तर तो आपला आपण घरंगळत खाडीत जायचा. त्या अंगणावर पत्र्याचं छप्पर, आणि छपराखाली सेंदाबाई पोरांना नाच शिकवायच्या. अंगण वाकडं आहे ही सबब मात्र त्यांनी एकाही पोराची कधी ऐकून घेतली नाही.

"अंगण वाकडं आहे ना? मग तू सरळ राहा," म्हणायच्या.

पूर्ण नाव रोसेंदा जाबोनेते. ठेंगणी, घट्ट बांध्याची बाई. गळ्यात शिट्टी, हातात वेताची छडी. छडी मारायला नव्हती, ठेका धरायला होती. पण हा फरक पोरांना दरवेळी कळायचाच असं नाही. फरशीवर त्यांनी तांबड्या रंगानं पावलं काढून ठेवली होती. पाय ठेवायच्या पाच जागा. टाचेला टाच, टाचांत अंतर, एका पायाची टाच दुसऱ्याच्या मध्याला, एक पाय पुढं, आणि शेवटी एकाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला. रंग नवऱ्याच्या होडीचा होता. इसिद्रोची होडी निम्मी तांबडी आणि निम्मी उघडीबोडकी का, हे गावाला माहीत होतं, म्हणून कुणी विचारत नव्हतं.

पहिला महिना नाच नाहीच. नुसत्या पाच जागा. मग तीनाची चाल: एक लांब पाऊल, दोन आखूड. मग मनगट फिरवायचं. पोरं मनगट फिरवायची ती चाक फिरवल्यासारखी.

"तू काय ट्रकचा ड्रायव्हर आहेस का रे? मऊ फिरव. घागरीतलं पाणी ओततोयस, सांडायचं नाही!"

बांबूचा नाच सगळ्यात शेवटी. दोघांनी खाली बसून दोन बांबू आपटायचे, दोघांनी मधून उड्या मारायच्या. घोटा चिमटला की पोरगं बोंबलायचं, आणि बाई म्हणायच्या, "बरं झालं, बांबूनं सांगितलं. आता मला सांगायला नको."

मी त्याच शाळेत सुतारकाम शिकवायचो आणि नाचाच्या तासाला गिटार वाजवायचो. त्यामुळं हे सगळं मी सव्वीस वर्षं बसून पाहिलं. तालुक्याच्या स्पर्धेत आमची पोरं दरसाल रिबिनी आणायची. हेडमास्तरांच्या कपाटात नकाशे ठेवायला जागा उरली नव्हती, एवढ्या रिबिनी. पण गावात ह्या नाचाला काडीची किंमत नव्हती. "शाळेतला नाच," म्हणायचे लोक, आणि ते म्हणताना ओठ असा काढायचे, जसं आंबलेलं कालवण हुंगलंय.

कारण आमच्याकडं नाच म्हणजे कुराचा. सामार बेटावर लग्न पाद्री लावतो ते निम्मंच. उरलेलं निम्मं कुराचानं लागतं. कोंबडा-कोंबडीचा खेळ आहे हो तो. बाई पुढं, गडी मागं. ती हूल देते, पाठ फिरवते, झग्याचा घोळ झटकते. तो पंख पसरून तिच्याभोवती फिरतो. पाऊल तीनाच्या ठेक्यात पाहिजे, बाकी सगळं ज्याचं त्यानं जागच्या जागी जुळवायचं. दोन जोड्यांचा कुराचा कधी सारखा दिसला तर समजायचं की एकीनं चोरी केली. आणि तो कुणी कुणाला शिकवत नाही. पोरं आयांच्या झग्याला लोंबकळत ठेका उचलतात.

सेंदाबाई आमच्या बेटाच्या नव्हत्या. लांब उत्तरेकडच्या, पांगासिनानच्या. मनिलाच्या कॉलेजात शिकलेल्या. नोकरीवर आल्या आणि वर्षाच्या आत इसिद्रोशी लग्न लावून बसल्या. त्या लग्नात त्यांनी कुराचा केला तो सरकारी पुस्तकातून पाठ करून, आणि नाचताना तोंडानं आकडे मोजले. त्यांना वाटलं मनात मोजतेय. ते पार मागच्या पंगतीपर्यंत ऐकू येत होते. मग काय! सगळा मांडव त्यांच्याबरोबर मोजायला लागला, "एक-दोन-तीन, एक-दोन-तीन," म्हाताऱ्या ताटं वाजवायला लागल्या. त्या दिवसापासून बाईंनी लग्नात नाचणं सोडलं. इसिद्रो मात्र गावातला एक नंबरचा नाचणारा. दर लग्नात कुणाच्या ना कुणाच्या बायकोबरोबर नाचायचा आणि बाई ताट घेऊन कडेला बसायच्या. आम्ही त्याला छेडलं की म्हणायचा, "घरच्या मास्तरणीबरोबर नाचायचं म्हंजी परीक्षेला बसायचं. मी तिसरीतच शाळा सोडलीया बाबा."

एका फेब्रुवारीत नाचाच्या तासाला पेलाग्यो कास्पे छपराच्या कडेला येऊन उभा राहिला. काखेत माडीनं भरलेलं बांबूचं नळकांडं, कमरेला कोयती. पेलाग्यो माडी काढणारा. रोज सकाळ-संध्याकाळ चाळीस माड. अंगानं लोखंड, पण बोलायला लाजाळू. पोरं नाच सोडून बघायला लागली. त्यानं नळकांडं बाईंच्या टेबलावर ठेवलं.

"बाई, मला नाचाया शिकवा."

"तुम्हाला?"

"का? नाव घालाया वयाचा दाखला लागतो व्हय?"

पोरं फिदीफिदी हसली. बाईंनी छडी आपटली आणि त्याला कडेला घेतलं. मी गिटार लावायचं निमित्त करून तिथंच.

पेलाग्योची पोरगी रोविलिन. तिचं लग्न लिबासच्या बाक्सालांच्या घरात ठरलं होतं, तीन आठवड्यांवर. आमच्यात नवरा-नवरीचा कुराचा झाला की नवरीच्या बापानं नवऱ्याच्या आईबरोबर नाचायचं, म्हणजे व्याह्यानं विहिणीबरोबर. मागून नवऱ्याच्या बापानं नवरीच्या आईबरोबर. आणि विहीण होती डोमिंगा बाक्साल. हे नाव घेतलं की खाडीच्या दोन्ही काठांवरचे नाचणारे गडी टोपी सारखी करायचे.

"तिच्या थोरल्या लेकाच्या लग्नात काय झालं, ठावं न्हाई का तुमाला?" पेलाग्यो म्हणाला. "व्याही मधीच अडकला. पाय उचलंना त्याचा. तर ह्या बयेनं नाचत नाचत जाऊन खुर्ची आणली आन् मांडली त्याच्या म्होरं. 'बसा व्याही, दमला आसाल.' आक्खा मांडव लोळला. तीन वरसं झाली, त्या सुनंला आजून लिबासात 'खुर्चीवाल्याची' म्हणत्यात. दुकानात मीठ आणाया गेली तरी खुर्चीवाल्याची. माझ्या रोविलिनला तितंच जलम काढायचाय, बाई."

"मग गावात एवढे नाचणारे आहेत. आमचे हे आहेत."

"गेलतो की इसिद्रोकडं. म्हणतो, काय न्हाई रं, अंगात येऊ दे, आपसूक येतंय. दोन दिस उभा ऱ्हायलो. माझ्या अंगात आजवर नुस्ता ताप आलाय."

बाई हसल्या नाहीत. त्याच्या पायांकडं बघत राहिल्या. रुंद, फाकलेल्या बोटांचे, खालून चामडं झालेले पाय.

"उद्यापासून साडेनऊला. सगळ्यात खालच्या वर्गाबरोबर."

"पोरांत?"

"पोरांतच. त्यांनाही काही येत नाही."

दुसऱ्या दिवसापासून बारा-बारा वर्षांच्या पोरांच्या रांगेत पेलाग्यो उभा. त्याची जोडीदारीण जोवेलिन, त्याच्या कमरेच्या पट्ट्याला लागेल एवढी, पण जिभेनं आक्षी सासू. पहिल्याच दिवशी तिनं त्याला फैलावर घेतलं.

"काका, डावा! डावा पाय आधी!"

"ह्योच डावा न्हवं?"

"डावा म्हंजी ज्या हातात कोयती धरत नाही तो!"

"मी डावखुरा हाय गं बाये."

जोवेलिननं खाडीकडं बघितलं. मग म्हणाली, "मग जिकडं समुद्र आहे तो." तेवढं त्याला पटलं. पण तोंड फिरवलं की समुद्र दुसऱ्या बाजूला जायचा आणि पुन्हा सगळं मुसळ केरात.

त्याहून वाईट म्हणजे त्याचं पाऊल. तीनाची चाल तो अशी टाकायचा की पत्रा थरथरायचा. धाड, धप, धप. शेजारच्या वर्गातून गणिताचे मास्तर दोनदा बघून गेले, काही पडलं का म्हणून. चौथ्या दिवशी तास संपल्यावर बाई माझ्याशेजारी बाकावर बसल्या.

"मानो, हा माणूस नाचत नाही हो. जमिनीला शिक्षा करतोय."

आमच्याकडं वयानं थोर गड्याला मानो म्हणतात. बाई मला मानो म्हणाल्या की समजायचं, काहीतरी मनावर घेतलंय.

"सोडून द्या," मी म्हटलं. "त्याच्या वतीनं भाऊ नाचंल. चालतंय तसं."

"चालतं. पण गाव काय म्हणेल? शाळेत शिकायला गेला आणि येताना भावाला घेऊन आला. मानो, ह्या गावात सव्वीस वर्षांत एक माणूस आपण होऊन माझ्याकडं शिकायला आला. तो सुद्धा वाया गेला तर ती छडी चुलीत घालीन."

तरी दुसऱ्या दिवशी येरवाळी त्या निघाल्याच, भावाचं सुचवायला. वाटेत मी भेटलो म्हणून मलाही ओढलं. माडाच्या बागेत पोचलो तर पेलाग्यो वर. आमच्याकडं माडी काढणारे प्रत्येक झाडाला खाली-वर करत नाहीत. एका माडाच्या शेंड्यापासून दुसऱ्याच्या शेंड्यापर्यंत दोन बांबू बांधलेले असतात, एक पायाला, एक हाताला. खाली सहा पुरुष पोकळी. पेलाग्यो त्या बांबूवरून चालला होता, पाठीला भरलेलं नळकांडं, दातांत कोयती. पानाला पान लागल्याचा आवाज होईल, पण त्याच्या पावलाचा नाही.

सेंदाबाई मान वर करून उभ्या. मला वाटलं चक्कर येतेय बाईंना.

"पेलाग्यो!" एकदम ओरडल्या. "टाच कुठंय तुमची?"

वरून नुसतं 'अं?' आलं. तोंडात कोयती. तो तिसऱ्या माडावरून सरसर उतरला.

"काय झालं? कोण मेलं?"

"वर चालताना टाच कुठं असते?"

"टाच?" त्यानं स्वतःच्या पायांकडं असं पाहिलं की जणू ते शेजाऱ्याचे आहेत. "वर टाच टेकून कसं चालंल? बांबू फिरंल की. वर चवड्यावर चालायचं. बोटांनी धरायचं."

"आणि खाली?"

"खाली काय, खाली भुई हाय. खाली माणूस कसंबी चालतो."

बाईंनी डोक्याला हात लावला. मग त्याला तसाच शाळेत नेला, नाचाचे दोन बांबू फरशीवर टाकले, आणि पेलाग्योला त्यांच्यावरून चालायला लावलं. तीनाच्या ठेक्यात. पत्रा गप्प बसला. गणिताचे मास्तर तिसऱ्यांदा बघायला आले, आवाज का बंद झाला म्हणून. दोन दिवसांनी एक बांबू काढला. मग दुसरा. चौथ्या दिवशी नुसत्या फरशीवर पेलाग्यो कास्पे चवड्यावर चालत होता, ओठ चावून, घामानं निथळत, पण ठेक्यात. जोवेलिन त्याच्याभोवती फिरून म्हणाली, "आता काका माणसासारखे दिसायला लागले."

पुढचे दिवस बाईंनी त्याच्यात कुराचा भरला. पुस्तकातला. चार भाग. पहिला, समोर वाकून नमस्कार. दुसरा, आठ ठेके उजवीकडं, आठ ठेके डावीकडं. तिसरा, जोडीदारिणीभोवती फेरी. चौथा, पंख पसरून पाठलाग, तोही आठ ठेके, मग वळायचं. स्पर्धेला जसं बसवायच्या तसंच. पेलाग्यो रात्रंदिवस आठ-आठ करायला लागला. माडावर चढताना खाचा मोजायचा. त्याची बायको सांगत होती, जेवताना घाससुद्धा आठच घेतो आणि मग ताट फिरवतो.

इसिद्रोनं एकदा छपराखाली डोकावून पाहिलं आणि गालातल्या गालात हसला.

"सेंदा, हे समोर कुणाला वाकतोय गं तो?"

"समोर म्हणजे समोर. नमस्कार समोर असतो."

"लग्नात परीक्षक बसत्यात व्हय टेबल टाकून? आन् डोमिंगा आठ मोजून वळंल आसं तुला कुणी सांगितलं? ती तर कुणाच्या बापाला इचारून वळत न्हाई."

"तुम्ही दोन दिवसांत त्याला काय शिकवलंत? ताप?"

"मी आपलं सांगितलं."

"आधी सरळ चालू दे. वाकडं धावायला आयुष्य पडलंय."

इसिद्रो गेला. बाईंनी मला डोळ्यांनी खुणावलं, वाजवा. मी वाजवलं. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा इसिद्रोचं पटलं होतं. पण पन्नाशी उलटलेल्या गड्याला नवऱ्याबायकोच्या भांडणात पडायचं नाही एवढी अक्कल आलेली असते.

लग्न आमच्याच गावात, पेलाग्योच्या अंगणात, दुपारचं. माडाच्या झापांचा मांडव. टेबलावर केळीच्या पानांवर अख्खं भाजलेलं डुक्कर, पाठ अशी तांबूस चकचकीत की तोंड दिसावं. शिवाय पानात बांधलेला चिकट भात, लिंबात मुरवलेली मासळी, आणि माडीची तर गणतीच नाही. लिबासचे पाहुणे दोन होड्या भरून आले. डोमिंगा उतरली ती निळ्या साटिनच्या झग्यात. थोराड बाई, पण चालली की वाटावं, पिठावरून गेली तरी ठसा उमटायचा नाही. मी वाजवणाऱ्यांत, बरोबर एक फिडलवाला आणि एक ढोलकरी. सेंदाबाई नेहमीच्या जागी कडेला, ताट घेऊन.

नवरा-नवरीचा नाच झाला. मग कुणीतरी आरोळी दिली, "व्याही-विहीण! व्याही-विहीण!" पेलाग्यो पुढं आला. पांढरा सदरा, केसाला तेल, चेहरा मेणाचा. मी सूर लावला. त्यानं टाच उचलली, आणि समोर बघून, कमरेत छान वाकून, पहिल्या भागाचा नमस्कार केला.

समोर टेबल होतं. टेबलावर डुक्कर.

डोमिंगा त्याच्या डाव्या हाताला उभी. कमरेवर हात ठेवून तिनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा डुकराकडं.

"व्याही, मी हिकडं हाय. त्येची सोयरीक झाली आसंल तर मी जाऊन बसते."

मांडव फुटला. माझ्या शेजारचा फिडलवाला हसता हसता एक तार सोडून वाजवायला लागला. पेलाग्यो लाल झाला, पण पाय थांबले नाहीत. आठ ठेके उजवीकडं. डोमिंगा डावीकडं गेली. तो वळला आणि जिथं ती असायला हवी तिथं फेरी घालायला लागला. तिथं कुणी नव्हतं. रिकाम्या जागेभोवती बिचारा पंख पसरून फिरतोय आणि विहीण त्याच्या पाठीमागून त्याचीच नक्कल करत फिरतेय, गाल फुगवून. लिबासची माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती.

"आरं खुर्ची आणा रं कुणीतरी!" लिबासच्या बाजूनं आवाज आला, आणि एक गडी खरोखर खुर्ची डोक्यावर धरून निघाला. रोविलिननं डोक्यावरची जाळी चेहऱ्यावर ओढून घेतली.

पेलाग्यो थांबला. ठेका चालू, तो उभा. त्याचे ओठ हलत होते. आकडे हरवले होते, ते शोधत होता.

तेवढ्यात कडेला ताट आपटलं.

"पेलाग्यो!" सेंदाबाई उभ्या राहिल्या होत्या. "आकडे सोडा! मोजू नका! तिच्याकडं बघा!"

त्यानं बाईंकडं पाहिलं.

"माझ्याकडं नाही हो, रेड्या! तिच्याकडं! ती जाईल तिकडं जा!"

सव्वीस वर्षांत बाईंच्या तोंडून 'मोजू नका' हे शब्द पहिल्यांदा निघाले असतील. पेलाग्योनं डोमिंगाकडं पाहिलं. आत्तापर्यंत त्यानं तिला नीट बघितलंच नव्हतं. त्याचं सगळं लक्ष आठाकडं. आता बघितलं, तर ती भुवया उडवत मागं मागं सरकत होती. तो तिच्यामागं गेला. ती उजवीकडं सटकली, तो उजवीकडं. ती गर्रकन फिरली, त्याचं पाऊल चुकलं, पण ठेका चुकला नाही. तीन आठवडे फरशी झिजवलेली. ते पाय आता डोक्याला विचारत नव्हते. डोमिंगानं झग्याचा घोळ त्याच्या तोंडावर झटकला. त्यानं मान खाली घातली आणि खालून वर असा बघत आला की पुढच्या रांगेतली एक म्हातारी "अगं बया!" म्हणून किंचाळली.

"धर तिला, पेलाग्यो!" तालिसायची माणसं उठली.

"आगं डोमिंगा, कोंबडा जागा झाला गं!" लिबासची ओरडली.

मी हात मोकळा सोडला. डोमिंगानं वेग वाढवला. मला ठावं होतं, ती असंच करते. गड्याचा दम काढते. पण चाळीस माडांच्या माणसाचा दम काढायचा म्हणजे बाईनं मोठंच काम अंगावर घेतलं होतं. चवड्यावर, आवाज न करता, तो तिच्या मागं नुसता वाहत होता. दोन्ही बाजूंनी नोटा उडायला लागल्या. खुर्ची मधेच कुठंतरी पोचली होती, ती एका म्हातारीनं पटकावली आणि टाळ्या पिटत बसली.

अर्धा तास तरी झाला असेल. माझ्या बोटांना फोड आले. शेवटी डोमिंगा मधोमध थांबली, छाती भात्यासारखी हलतेय, गळ्यावरून घाम वाहतोय. तिनं कमरेचा रुमाल काढला आणि पेलाग्योच्या मानेवर टाकला. आमच्यात बाईनं असा रुमाल टाकला की नाच संपला आणि गडी मानला. रोविलिननं जाळी वर केली. पेलाग्यो रुमालाचं एक टोक धरून उभा होता. त्याचं काय करायचं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटी त्यानं रुमालाला नाक पुसलं.

डोमिंगा थेट सेंदाबाईंपाशी आली.

"तुमी शिकवलं व्हय ह्यास्नी?"

"हो."

"पाऊल ब्येस हाय. त्येला कुटंच खोट न्हाई. पर तुमच्या शाळेत डुकराला वाकाया शिकवत्यात का वो?"

"शिकवत होते," सेंदाबाई म्हणाल्या. "सोमवारपासून बंद."

डोमिंगा अशी हसली की तिला टेबल धरावं लागलं. इसिद्रो हे सगळं बघत होता. तो आला, डोकं खाजवलं आणि बायकोपुढं हात धरला. "चल. येक हून जाऊ दे."

"बाजूला व्हा," सेंदाबाई म्हणाल्या. "ताट सांडलं माझं. आधी दुसरं वाढून आणा. कुरकुरीत कातडं बघून आणा."

इसिद्रो ताट आणायला गेला. एवढ्या वर्षांत तोही प्रकार पहिलाच.

सोमवारी बाईंनी रांगा मोडल्या. पोरांना एकमेकांकडं तोंड करून उभं केलं. नमस्कार जोडीदाराला. मुलगी जाईल तिकडं मुलगा, आणि ती कुठं जाणार हे तिनं त्याला सांगायचं नाही. पहिल्या दिवशी अकरा पोरांची डोकी एकमेकांवर आपटली. मार्चच्या स्पर्धेत पाच शाळांत आमचा चौथा नंबर आला. पाचवी शाळा बस बंद पडल्यामुळं आलीच नव्हती. परीक्षकानं लिहिलं, रांग नाही, वळणं सारखी नाहीत. बाई त्या माणसाशी पाऊण तास भांडल्या, घरी येईपर्यंत होडीत भांडत होत्या, तेव्हा तर तो तिथं नव्हताही.

एप्रिल लागला. शाळेला सुट्टी, पण बाई फरशीवरची पावलं पुन्हा रंगवत होत्या आणि मी तुटलेले बाक ठोकत होतो. खाडीतून एक होडी आली. डोमिंगा उतरली. तिच्या मागं एक उंच, वाकलेला, मुक्या चेहऱ्याचा गडी, हातात टोपी. तिनं त्याला दंडाला धरून छपराखाली आणलं, बाजारात खोंड आणावा तसं.

"ह्ये माझं मालक. व्हिसेंते," म्हणाली. "धाकट्याचं लगीन हाय मे म्हयन्यात. सुनंच्या आयसंगं ह्यास्नी नाचाया लागंल. थोरल्याच्या येळंला माझा भाऊ उभा ऱ्हायला, मधल्याच्या येळंला त्योच. आता भाऊ मनिलाला गेलाय कामाला."

"तुम्ही शिकवा की," सेंदाबाई म्हणाल्या. "तुमच्यासारखं कोण नाचतं?"

डोमिंगानं इकडं तिकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "पस्तीस वरसं शिकवतिया. मी म्हणते, आसं करा. त्ये म्हणत्यात, आसं म्हंजी कसं? मी म्हणते, आसंच की! आन् मंग आमचं भांडान हुतंय."

व्हिसेंतेनं मान डोलावली. एवढ्यावर तो आनंदानं सही करायला तयार होता.

सेंदाबाईंनी ब्रश खाली ठेवला, हात पुसले आणि शिट्टी गळ्यात घातली. व्हिसेंतेला पहिल्या जागेवर आणलं. रंग ओला होता. त्याच्या तळव्यांना लागला.

"आवं, गुडघं जरा सैल सोडा की!" डोमिंगा मागून म्हणाली. "आन् हात आसं लाकडावानी..."

"डोमिंगाबाई," सेंदाबाई म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा."

"मी? म्या काय केलं?"

"बाहेर. त्या फणसाखाली. तास संपला की बोलावते."

डोमिंगा बाक्साल, जिच्यापुढं दोन काठांचे गडी टोपी सारखी करायचे, ती गेली आणि फणसाखाली बसली. तिथून ती हातवारे करून नवऱ्याला काहीतरी सांगत होती. बाईंनी व्हिसेंतेचं तोंड दुसरीकडं वळवलं आणि मला म्हणाल्या, "मानो, हळू वाजवा. आज नुसतं उभं राहायला शिकणार आहेत."